आकडा कोणत्या मशीनचा? गेमच्या रिव्ह्यूंची पार्श्वभूमी

२८ फेब्रुवारी २०२५ ला 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स' आला, तेव्हा समीक्षकांची सरासरी शंभरात नव्वदीच्या आसपास होती. त्याच वेळी स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, खरेदीदारांचा एकूण शेरा 'संमिश्र' होता, आणि जूनपर्यंत ताज्या शेऱ्यांनी तर तळ गाठला. यात खोटं कुणीच बोलत नव्हतं. समीक्षक शिकारीबद्दल, शस्त्रांबद्दल, प्राण्यांच्या चालीबद्दल लिहीत होते आणि खरेदीदार आपल्या पीसीवर फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) कमी का पडतात याबद्दल. जळगावच्या गोलाणी मार्केटात ग्राफिक्स कार्डाची चौकशी करणारा किंवा शिरपूरच्या होस्टेलवर लॅपटॉप उघडून बसलेला पोरगा पहिला प्रश्न दुसऱ्या गटाचाच विचारतो: "मना लॅपटॉपवर चालस का?" (माझ्या लॅपटॉपवर चालतो का?) कन्सोलच्या (टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्राच्या) काळात गुण देण्याची पद्धत रुजली, तेव्हा हा प्रश्न कुणाला पडतच नव्हता.

जपानचं 'फामित्सू' हे गेमचं मासिक १९८६ ला निघालं. त्यात चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देत आणि बेरीज चाळीसपैकी होई. पैकीच्या पैकी गुण पहिल्यांदा मिळाले ते १९९८ मध्ये, 'झेल्डा : ऑकारिना ऑफ टाइम'ला. त्या काळात आकड्याला अर्थ होता, कारण समीक्षकाच्या टेबलावरचा कन्सोल आणि घरातला कन्सोल एकच असे. कार्ट्रिज कारखान्यातून बाहेर पडलं की त्यात बदल होत नसे. चूक राहिली तर कायमची राहिली. वाचकाला विकत घेण्याआधी खेळून बघायची फारशी सोय नव्हती, म्हणून मासिकातला आकडा हा खरेदीचा सल्ला होता.

पीसीने ही घडी विस्कटली. नव्वदीच्या उत्तरार्धात थ्रीडी कार्डं आली आणि प्रत्येक घरातलं मशीन निराळं झालं, पण गुण मात्र एकच छापला जाऊ लागला. २००१ मध्ये मेटाक्रिटिक या साइटने सगळ्या समीक्षकांची भारित सरासरी काढायला सुरुवात केली. कुणाच्या मताला किती वजन, हे त्यांनी कधी उघड केलं नाही. गेमसाठी ७५ आणि वर हिरवा, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. पुढे या आकड्यावर लोकांचे पैसे ठरू लागले. 'फॉलआउट : न्यू वेगास' (२०१०) बनवणाऱ्या ऑब्सिडियनला बोनससाठी ८५ हवे होते, ८४ मिळाले आणि बोनस गेला. युरोगेमर या साइटने २०१५ मध्ये गुण देणं बंद केलं, पण २०२३ मध्ये पाच तारे घेऊन तेही परतले. वाचकाला आकडा लागतोच.

खान्देशात यातलं फार थोडं थेट पोहोचलं. आधी टीव्हीला जोडायचे नकली कन्सोल आले, मारिओ आणि कॉन्ट्रा भरलेली पिवळी-काळी कार्ट्रिजं आली. मग पीसी आला, आणि स्टेशनच्या बुकस्टॉलवर 'डिजिट', 'चिप' यांसोबत डेमोची सीडी मिळू लागली. बाकी मतं तयार व्हायची सायबर कॅफेत आणि कॉपी केलेल्या सीडीवर, आणि त्या सीडीत बऱ्याचदा मूळ गेम नसेच. एका सीडीत मावावा म्हणून केलेल्या 'रिप'मधून मधले व्हिडिओ, संगीत, कधी संवादसुद्धा काढलेले असत. वर आवृत्ती पहिलीच, पॅच (चुका दुरुस्त करणारी फाइल) कुठला लावणार! "कथाच नाही राव या गेमला" असं ठाम मत देणाऱ्याने कथा काढून टाकलेला गेम खेळलेला असे.

'प्रोजेक्ट आयजीआय' हे त्या काळाचं सगळ्यात बोलकं उदाहरण. नॉर्वेच्या इनरलूपने बनवलेला हा गेम डिसेंबर २००० मध्ये आला. १४ मोहिमा, आणि मोहिमेच्या मध्ये सेव्ह करायची सोय नाही. परदेशी समीक्षकांनी यावर आणि शत्रूंच्या मंद बुद्धीवर टीका केली. तरी आपल्याकडे तो घरोघर चालला, कारण साध्या पीसीवर धावायचा आणि उघड्या मैदानात वाट आपली आपण शोधायची मोकळीक होती. सेव्ह नसण्याचा त्रास मात्र इथे दुप्पट होता. लोडशेडिंगच्या वर्षांत यूपीएस नसलेल्या घरी दिवे गेले की पाऊण तास सरपटत कापलेली मोहीम पहिल्यापासून. मधे सेव्ह होतं का, दोन चेकपॉइंटमध्ये (आपोआप सेव्ह होण्याच्या जागांमध्ये) किती वेळ जातो, या गोष्टी बहुतेक रिव्ह्यूत एका ओळीत उरकतात; आपल्याकडे त्या अजूनही आधी बघाव्यात.

'क्रिकेट ०७'चं आणखी वेगळं झालं. ईए कंपनीने नोव्हेंबर २००६ मध्ये काढलेला हा गेम समीक्षकांना ठीकठाकच वाटला. त्यातली नवी करामत म्हणजे 'सेंच्युरी स्टिक': गेमपॅडच्या काडीने फटक्याची दिशा ठरवायची. कीबोर्डवर ती करामत अर्धी गळून पडते, आणि आपल्याकडे जवळजवळ सगळे कीबोर्डवरच खेळले. पण ईएने त्यानंतर क्रिकेटचा गेमच काढला नाही, आणि हौशी मंडळी नव्या संघांचे, जर्सींचे, मैदानांचे पॅच बनवत राहिली. आलेल्या दिवशीचा गुण आणि पंधरा वर्षं डेस्कटॉपवर टिकलेला गेम यांचा एकमेकांशी संबंध उरला नाही.

गेम आल्यानंतरही बदलतो, हे आता सगळीकडे लागू आहे. 'सायबरपंक २०७७' हे त्याचं जाहीर प्रकरण. १० डिसेंबर २०२० च्या आधी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली, आणि तिचंही स्वतः टिपलेलं चित्रण दाखवायला बंदी होती. पीसीचा गुण ऐंशीच्या वर गेला. सोनीच्या पीएस४ कन्सोलवर तोच गेम इतका मोडका निघाला की सोनीने आठवडाभरात आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. परत आला तो जून २०२१ मध्ये. सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतरचा गेम तर वेगळाच म्हणावा असा आहे. 'ड्रॅगन्स डॉग्मा २'मध्ये (मार्च २०२४) पैसे मोजून घ्यायच्या छोट्या वस्तू विक्रीच्या दिवशी प्रकटल्या. रिव्ह्यू त्याआधीच लिहून झाले होते. म्हणून जुना रिव्ह्यू वाचताना तीन गोष्टी शोधाव्यात: कोणतं मशीन, कोणती आवृत्ती, कोणती तारीख. तिन्ही नसतील तर तो लेख गोष्टीपुरता वाचावा.

पीसीवरच्या तक्रारींत हल्ली मोठा वाटा शेडरच्या (चित्रातला प्रकाश-रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) अडखळण्याचा आहे. कन्सोलचं हार्डवेअर ठरलेलं असल्यामुळे शेडर आधीच तयार करून देता येतात. पीसीवर ते तुमच्या कार्डासाठी तिथल्या तिथे तयार करावे लागतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. ऐन लढाईत नवा शेडर तयार व्हायला त्याहून जास्त वेळ लागला की चित्र गचका खातं. उपाय म्हणून काही गेम सुरुवातीलाच सगळे शेडर तयार करतात. 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन'च्या पीसी आवृत्तीत (मार्च २०२३) हे काम इतकं लांबलं की स्टीमच्या परताव्याची मुदत त्यातच खर्च होऊ लागली. ती मुदत २०१५ पासून अशी आहे: खरेदीपासून १४ दिवस आणि खेळ दोन तासांच्या आत.

आता आपला हिशेब. 'ब्लॅक मिथ : वुकाँग'ला १३० जीबी जागा लागते. वायफायचा खरा वेग ४० एमबीपीएस असेल तर सेकंदाला ५ एमबी, म्हणजे सव्वासात तास. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर १४ दिवसांत २१ जीबी उतरतात. गेम सुरू होण्याआधी परतावा संपलेला. आधी डाउनलोडची सोय बघावी, मगच पैसे भरावेत.

उन्हाळ्याचा मुद्दा कुठल्याच रिव्ह्यूत सापडायचा नाही. चाचण्या साधारण २५ अंशांच्या खोलीत होतात. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि दुपारी पत्र्याच्या खोलीत आत येणारी हवाच वीस अंशांनी जास्त गरम असते. आतल्या चिपचं तापमान जवळपास तितकंच वर सरकतं. रिव्ह्यूत ८० अंशांवर सुखाने चालणारा लॅपटॉप इथे शंभरीच्या मर्यादेला भिडतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. मग पहिली दहा मिनिटं ६० फ्रेम, नंतर ३५. यात गेमचा दोष नसतो, पण शेरा गेमलाच मिळतो. फ्रेम ४० वर बांधून टाकाव्यात, मागची बाजू उचलून ठेवावी, उन्हाळ्याआधी पंख्यातली धूळ काढून घ्यावी. कूलरच्या थेट तोंडाशी मात्र लॅपटॉप ठेवू नये, हवेबरोबर पाण्याचा तुषार येतो.

प्रकारानुसारही मत वेगळं वाचावं लागतं. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये पाळीपाळीने चाली होतात, त्यामुळे ३० फ्रेमवरही काही बिघडत नाही. 'क्लेअर ऑब्स्क्युर : एक्स्पिडिशन ३३' (एप्रिल २०२५) वरवर त्याच जातीचा; पण त्यात शत्रूचा घाव ऐन वेळी परतवायचा असतो, तिथे गचका म्हणजे मार खाणं. 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'ला रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढण्याचं) हार्डवेअर लागतंच, ते नसलेल्या जीटीएक्स १६५० कार्डावर तो सुरूच होत नाही. उलट 'हॉलो नाइट : सिल्कसाँग' (४ सप्टेंबर २०२५) जुन्या लॅपटॉपवरही धावतो. त्याच्या आगाऊ प्रती कुणालाच दिल्या नव्हत्या, म्हणून रिव्ह्यू उशिरा आले. आणि चिनी भाषांतरावरच्या रागाने चिनी शेरे खाली गेले. स्टीमने त्याच्या आदल्याच महिन्यात भाषेनुसार वेगळा शेरा दाखवायला सुरुवात केली होती, ती इथे कामी आली.

मोबाइलवर, म्हणजे खान्देशातले बहुतेक जण जिथे खेळतात तिथे, समीक्षक जवळपास नाहीतच, तारेच आहेत. पुण्याच्या नोडिंग हेड्सचा 'राजी' (२०२०) कन्सोल-पीसीचा असल्यामुळे त्याला रीतसर रिव्ह्यू मिळाले: चित्रकला वाखाणली गेली, लढाईत तोचतोचपणा दाखवला गेला. २६ जानेवारी २०२१ ला आलेल्या 'फौजी' (FAU-G) या मोबाइल गेमला मात्र तारेच मिळाले. तेव्हा बंदी असलेल्या पबजीच्या चाहत्यांनी रागाने एकेक तारा दिला. देशप्रेमाने पाच देणारेही होते. सुरुवातीला त्यात बंदुकीच नव्हत्या, नुसती हातघाई होती, हा साधा मुद्दा त्या गर्दीत कुठे दिसेना. नोव्हेंबर २०२१ पासून प्ले स्टोअर आपापल्या देशातलीच सरासरी दाखवतं, पण फोनचं मॉडेल त्यात धरलेलं नसतं. म्हणून शेरे ताज्या क्रमाने लावून आपल्या फोनचं नाव शोधावं, आणि शेरा डिसेंबरमधला आहे की मेमधला तेही बघावं.