सोलापूरवरून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या : डॉजपासून भारतबेंझपर्यंत

पुण्याहून हैदराबादला जाणारा पार्सलचा माल सोलापूरवरून जातो. विजयपूर-हुबळीकडून छत्रपती संभाजीनगर, धुळ्याकडे निघालेलाही इथूनच पुढे जातो. त्यामुळे पार्सल कंपन्यांच्या ताफ्यात कुठल्या कंपनीच्या गाड्या आहेत हे बघायला सोलापूरकराला कुठल्या ऑफिसात जावं लागत नाही. केगावच्या बायपासला रात्री थोडा वेळ थांबलं तरी कळतं. बत्तीस फुटी कंटेनरांत टाटा, अशोक लेलँड, आयशर, भारतबेंझ, मधूनच महिंद्राची ब्लेझो, आणि एखाद्या लांब ट्रेलरला व्होल्वो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी याच रस्त्यावर अवजड गाडी म्हणजे दोनच नावं होती. त्याच्या आधी, पन्नासच्या दशकात, भलतीच नावं होती.

नवी गाडी चांगली निघाली म्हणून लोकांनी जुनी सोडली, असं बहुतेक जण सांगतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. मधल्या रस्त्यात गाडी अडली तर पुढे काय, या एका प्रश्नावर ट्रकची कंपनी ठरत आली आहे. रस्ते, कायदे आणि वर्कशॉप बदलत गेले तसं त्या प्रश्नाचं उत्तर बदललं आणि ताफ्यातली नावंही बदलली.

स्वातंत्र्याआधी देशात ट्रक बनत नव्हते, फक्त जोडले जात. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, फोर्डचीही जुळणी मुंबईत होई. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जादा झालेल्या गाड्या डिस्पोजलमध्ये निघाल्या आणि शेवरोले, फोर्ड, डॉज असे ट्रक खासगी मालकांच्या हाती आले. सोलापुरातून लांब पल्ला मारायचा म्हटलं तर तो मुख्यतः पुण्या-मुंबईकडे. पूर्वेला तुळजापूर, नळदुर्गकडे जायचं म्हणजे निजामाच्या राज्यात शिरायचं, आणि तिथे करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे नाके. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, तेव्हा कुठे हा रस्ता मालवाहतुकीला खऱ्या अर्थाने मोकळा झाला. आज आपण ज्याला सहज 'हैदराबाद रोड' म्हणतो, त्याला लांब पल्ल्याच्या ट्रकचा रस्ता म्हणून जेमतेम पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे.

आपल्या लोकांनी विसरू नये अशी गोष्ट याच काळातली आहे. भारतीय भांडवलावर मोटारीचा कारखाना काढण्यासाठी ज्यांनी सर्वांत चिवट धडपड केली ते वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. जन्म १८८२ चा. सोलापुरात त्यांचं नाव कॉलेजांमुळे रोज तोंडी असतं, पण त्या नावामागे ट्रकही आहेत हे फारसं कुणी सांगत नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांबरोबर त्यांनी तिशीच्या दशकात मोटार कारखान्याची योजना आखली आणि १९४० मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार केला. ब्रिटिश सरकारने साथ दिली नाही. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, फार्गो ही नावं लावलेले ट्रक निघू लागले. पुढे डिझेलवाल्या गाड्यांत पर्किन्सचं पी-६ इंजिन आलं, तेही मद्रासच्या सिम्पसन कंपनीत बनलेलं. वालचंद १९५३ मध्ये गेले. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनने नुसती जुळणी करणाऱ्यांना दार बंद करण्याची शिफारस केली, आणि जनरल मोटर्स व फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला. ज्यांची इथे सुटे भाग बनवण्याची तयारी होती तेच राहिले.

१९५४ मध्ये जमशेदपूरला टाटांनी जर्मनीच्या डायमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले. बॉनेटवर बेंझचा तारा होता. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला आणि टाटाचं 'टी' आलं. दुसरीकडे मद्रासजवळ एन्नोरला १९४८ मध्ये ऑस्टिन गाड्यांसाठी सुरू झालेली अशोक मोटर्स १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली आणि तिचा कॉमेट ट्रक दक्षिणेत पसरला. सोलापूर या दोघांच्या वाटेवर होतं. महाराष्ट्राच्या बाजूने टाटा, कर्नाटक-आंध्रच्या बाजूने लेलँड, असा साधारण कल इथल्या रस्त्यावर दिसायचा. पुढे पिंपरीला टाटांचा कारखाना झाला आणि पुण्याच्या बाजूचं पारडं आणखी जड झालं.

हा काळ तीस-पस्तीस वर्षं टिकला. परवाना राजमुळे पर्याय नव्हता, नंबर लावून गाडीची वाट बघावी लागे, हे एक कारण. पण रस्त्यावरच्या माणसासाठी मोठं कारण होतं मिस्त्री. टाटाचं ६९७ इंजिन इंदापुरात उघडा, मोहोळला उघडा की उमरग्याला, हात लावायला माणूस मिळायचा आणि लायनर-पिस्टन दुकानात असायचं. त्या इंजिनात इलेक्ट्रॉनिक काहीच नव्हतं. पंप, नोझल, हेड गॅस्केट, बस. पाटा, म्हणजे गाडीचा भार पेलणारी पोलादी पानांची स्प्रिंग, तुटला तर रस्त्याकडेच्या कमानपाटेवाल्याकडे गाडी जॅकवर घ्यायची, यू-बोल्ट सोडायचे, तुटलेलं पान काढून जुन्यातलं एखादं तापवून, ठोकून, बाक जुळवून बसवायचं, आणि रात्रीच्या आत गाडी पुन्हा लाईनला. मालक गाडी घेताना इंजिनाची ताकद नंतर विचारायचा, आधी बघायचा की हिचं काम वाटेतल्या किती गावांत होतं.

त्या गाड्यांच्या मॉडेलचे आकडेही मिस्त्री आणि ड्रायव्हरांना तोंडपाठ. १६१३ म्हणजे माल धरून साधारण सोळा टन वजन आणि एकशे तीसच्या आसपास अश्वशक्ती. २५१५ म्हणजे पंचवीस टन, दीडशे. ३११८ म्हणजे एकतीस टन, एकशे ऐंशी. सहा चाकीवरून दहा चाकी, मग बारा चाकी, हा सगळा प्रवास या आकड्यांत वाचता येतो. तेव्हा कंपनी बहुतेक वेळा फक्त चासी, म्हणजे इंजिन आणि चाकं बसवलेला सांगाडा द्यायची. डोक्याला फडकं, डोळ्याला गॉगल लावून, उघड्या चासीवर बसून ड्रायव्हर ती कारखान्यातून शेकडो किलोमीटर चालवत आणायचा. केबिन आणि माल भरायचा डाला इथले सुतार-फॅब्रिकेटर बांधायचे. त्या ड्रायव्हरांच्या पाठीच्या मणक्यांवर या धंद्याचा केवढा भाग उभा राहिला, याची नोंद कुठेच नाही.

ऐंशीच्या दशकात जपानी तंत्राच्या हलक्या गाड्या आल्या. त्यांतली आयशर टिकली. मित्सुबिशीच्या साथीने पीथमपूरला बनलेली कँटर चपळ होती आणि डिझेल कमी खायची. पार्सलचा धंदाही याच सुमारास वेगळा होऊ लागला. हुंडेकऱ्याकडे, म्हणजे मालवाहतूक ठरवून देणाऱ्याकडे माल टाकायचा, गाडी भरली की ती निघणार, पोचेल तेव्हा पोचेल, ही जुनी रीत. सोलापुरी चादरी आणि टॉवेलच्या गाठी वर्षानुवर्षं अशाच गेल्या. विजयपूरच्या पलीकडे गदगला १९७६ मध्ये एका ट्रकवर विजय संकेश्वरांनी व्हीआरएल ही वाहतूक कंपनी सुरू केली. १९८९ मध्ये 'गती' या कंपनीने घरपोच माल, तोही ठरल्या वेळेत, असा वायदा केला. वेळेचा वायदा आला आणि जुना हिशेब मोडला. मिस्त्री मिळतो हे खरं, पण तो गाडी खोलून बसला की रात्र जाते, आणि पार्सलवाल्याला रात्र परवडत नाही.

तरीही बदल लगेच झाला नाही, कारण रस्ता तयार नव्हता. व्होल्वोने १९९८ च्या सुमारास बंगळुरूजवळ होसकोटेला ट्रक बनवायला सुरुवात केली, पण इथल्या दुपदरी रस्त्यावर त्या महागड्या गाडीचा पैसा वसूल होणार कसा? तिचे ट्रक बरीच वर्षं खाणींतच जास्त खपले. सोलापूरकरांना व्होल्वो कळली ती हैदराबाद-मुंबईच्या बसमुळे. पुढे पुणे-सोलापूर चौपदरी झाला, हैदराबादकडचा आणि तुळजापूर-येडशीकडचाही झाला. जुना ९ नंबरचा महामार्ग ६५ झाला, विजयपूर आणि धुळ्याकडचा ५२ झाला. आता चांगली गाडी रात्रभर एका वेगाने चालू शकत होती.

अशा वेळी २०१२ मध्ये डायमलर परत आली. या वेळी भागीदार नव्हता. चेन्नईजवळ ओरगडमला स्वतःचा कारखाना आणि भारतबेंझ हे नाव. मित्सुबिशी फुसो आणि मर्सिडीजच्या जुन्या साच्यांवर घेतलेल्या या गाड्यांची केबिन कारखान्यातूनच पूर्ण बांधून यायची. पार्सलवाल्यांनी ती उचलली. आयशरही २००८ पासून व्होल्वोच्या भागीदारीत आली होती. महिंद्राने चाकणमधून आधी नेव्हिस्टारबरोबर आणि नंतर एकट्याने गाड्या काढल्या आणि २०१६ मध्ये ब्लेझो आणताना सरळ सांगितलं: ॲव्हरेज जास्त मिळालं नाही तर गाडी परत करा. बंद पडलेली गाडी ४८ तासांत रस्त्यावर आणू, हाही त्यांचा वायदा होता. मला ही जाहिरात फार बोलकी वाटते. मालकाच्या मनातला तोच जुना प्रश्न कंपनीने ओळखला होता. या सगळ्याची दुसरी बाजू २०१८ मध्ये दिसली. जर्मनीच्या मान कंपनीने भारतातला ट्रकचा धंदा बंद केला. नवं नाव घ्यायला मालक का कचरतो, हे त्याला घाबरट म्हणणाऱ्यांनी अशा वेळी समजून घ्यावं. कंपनी गेली तरी गाडीचे हप्ते मालकालाच फेडायचे असतात.

त्याच सुमारास कायदे भराभर बदलले. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, विक्रीकराचे तपासणी नाके उठले आणि नाक्यावर रात्र काढणं कमी झालं. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ॲक्सलवरचा परवानगीचा भार वाढवला. दोन ॲक्सलच्या गाडीचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन, तीन ॲक्सलच्या गाडीचं २५ वरून २८.५ टन. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचा कडक नियम आला आणि लांब पल्ल्याच्या मोठ्या गाडीत डिझेलबरोबर युरियाची, म्हणजे डीईएफची टाकी नेहमीची झाली. इंजिन सेन्सरवर चालू लागलं. दिवा लागला की पान्याचं काम नाही, स्कॅनर लागतो, आणि तो कंपनीच्या वर्कशॉपात असतो. आज मोठी पार्सल कंपनी गाडी निवडताना किमतीबरोबर वर्कशॉपचं जाळं आणि देखभालीचा वार्षिक करार बघते, ते यामुळेच. डेल्हिवरीसारख्या पार्सल कंपन्यांनी व्होल्वोचे ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर घेतले त्यामागेही हेच गणित असावं: एका फेरीत जास्त माल आणि महिन्याला जास्त फेऱ्या.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. एप्रिल-मे मध्ये चाळिशी पार केलेल्या सोलापुरात इंजिनाशेजारी बसून गाडी चालवणाऱ्यासाठी हा नियम फार उशिरा आला, पण आला.

ताफ्यातून निघालेल्या गाड्यांचं पुढे काय होतं हेही या इतिहासात धरायला हवं. पाच-सात वर्षं लाईनला पळालेली गाडी पार्सल कंपनी विकते आणि ती एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे जाते. मार्केट यार्डात कांदा आणणारी, वीट वाहणारी, दुष्काळात गावोगाव पाण्याचा टँकर म्हणून फिरणारी जुनी टाटा बऱ्याचदा अशीच आलेली असते. आता बीएस-६ च्या गाड्या त्या बाजारात येऊ लागल्या आहेत. लहान मालकाला वार्षिक करार परवडत नाही, तो गाडी मिस्त्रीकडेच नेणार. म्हणून हैदराबाद रोडवरच्या गॅरेजांत पान्यांच्या शेजारी स्कॅनर यायला हवा, आणि तो वापरायचं शिक्षण आपल्या आयटीआयमधून मिळायला हवं.