सादळणे

सादळणे (अकर्मक क्रियापद) : हवेतली ओल ओढून घेऊन कोरडी वस्तू किंचित ओलसर, मऊ किंवा निकामी होणे. वस्तूवर पाणी पडलेले नसते. पावसात भिजलेल्या काडेपेटीला सादळली असे कोणी म्हणत नाही. डोळ्यांना बहुधा काही दिसत नाही. कळते ते हाताला, दाताला नाहीतर कानाला.

इंग्रजीत किंचित ओलीसाठी 'डॅम्पिश' हा कमी वापरातला शब्द आहे. त्यातला 'इश' म्हणजे काळसर, ओलसर यांतला आपला 'सर'. 'डॅम्प'चा जुना अर्थ मात्र ओल नव्हे, तर वाफ किंवा विषारी वायू. खाणीतल्या पेट घेणाऱ्या मिथेनला 'फायरडॅम्प' म्हणतात, त्यात तो अजून टिकून आहे. जर्मनमध्ये 'डाम्फ' म्हणजे वाफच. अर्धवट वाळलेली चादरही डॅम्पिश असते, पण ती सादळलेली नव्हे. ओल कुठून आली हे मराठी क्रियापद सांगते, इंग्रजी विशेषण सांगत नाही. शेजारच्या कन्नडमधला 'तेव' हाही नुसती ओल दाखवणारा शब्द.

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला, मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीकडे, सह्याद्रीचा मुसळधार पाऊस. ईशान्येला अथणीकडे कोरडे रान. शहर यांच्या मधले, सुमारे ७५० मीटर उंचीवरचे. तिथल्या पावसाळ्यात हा शब्द सर्वांत जास्त कानावर येतो तो चिरमुऱ्यांच्या बाबतीत (चिरमुरे म्हणजे मुरमुरे). डब्याचे झाकण सैल राहिले की ते चिवट होतात. मग 'सादळलेत, जरा परतून घे' एवढ्यावर भागते. कढईच्या उष्णतेने ओल निघून जाते. पापडाचेही तसेच.

मिठाचे गणित वेगळे. शुद्ध मीठ सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की पाणी धरते. खडेमिठात मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेले असते आणि ते सुमारे ३३ टक्क्यांनाच ओल ओढते. म्हणून खडेमीठ आधी सादळते, पुढे त्याला पाणी सुटते. ही पुढची पायरी. तिला सादळणे म्हणणे ढिलेपणाचे. गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असल्याने तोही साखरेआधी पाझरतो.

हलगीचे कातडेही सादळते. ताण सैल पडून आवाज बसतो, थाप भदभद वाजते. वाजवणारे मग पाचटाचा किंवा कागदाचा जाळ करून हलगी शेकतात आणि मधूनमधून बोटाने टिचकी मारून पाहतात.