चक्रीवादळात छप्परच आधी का उडते?

चक्रीवादळ येणार असे कळले की खिडक्या किलकिल्या ठेवाव्यात, म्हणजे आतबाहेरचा दाब सारखा होऊन घर वाचते, हा सल्ला अजूनही हमखास फिरतो. वादळाच्या केंद्रातील कमी दाबामुळे बंद घर आतून फुटते, ही समजूत त्यामागे आहे. केंद्रात दाब कमी असतो हे खरे. परंतु तो काही तासांत हळूहळू उतरतो आणि राहते घर इतके हवाबंद कधीच नसते की तेवढ्या वेळात फटींतून हवा बाहेर पडू नये. घर मोडते ते वाऱ्याच्या वेगाने, आणि उघडी खिडकी त्याला मदतच करते.

समोरच्या भिंतीला वारा ढकलतो. छपराला मात्र तो बहुधा वर ओढतो. भिंतीवर आदळून वर चढलेल्या हवेला वळचणीच्या धारेपाशी एकदम वळता येत नाही. ती धारेपासून सुटून पुढे जाते आणि तिच्याखाली, छपराच्या लगत, भोवरे तयार होतात. भोवऱ्याच्या गाभ्यात दाब फार कमी असतो, म्हणून कमी उताराच्या छपराचा तेवढा भाग वर खेचला जातो. वारा कोपऱ्यावर तिरका आला तर दोन्ही कडांवरून शंकूच्या आकाराचे भोवरे सुटतात, आणि कोपऱ्यावरील ओढ छपराच्या मध्यभागापेक्षा दुपटी-तिपटीने वाढते. पत्रा कोपऱ्यातून उचकटायला सुरुवात होते ती यामुळेच.

या ओढीचा हिशेब साधा आहे. हवेच्या घनतेच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणले की वाऱ्याचा दाब मिळतो. ताशी १२० किलोमीटर वेगाला तो चौरस मीटरमागे सुमारे ६५ किलो वजनाइतका भरतो आणि वेग दुप्पट झाला की चौपट होतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला जेमतेम चार-पाच किलो असते. म्हणजे छप्पर जागेवर राहते ते खिळे, स्क्रू आणि पट्ट्यांच्या जोरावर.

आता वाऱ्याच्या बाजूची एक खिडकी फुटली, असे समजू. वारा आत शिरतो, पण त्याला बाहेर पडायला तेवढी वाट नसते, त्यामुळे आतला दाब वाढून छपराला खालून ढकलू लागतो. वरची ओढ आणि खालचा रेटा एकत्र आले की छपरावरील एकूण बल जवळजवळ दुप्पट होऊ शकते. छप्पर गेले की भिंतींचा वरचा आधार जातो आणि मग त्याही कोसळतात.

२४ ऑगस्ट १९९२ रोजी ‘अँड्र्यू’ हे चक्रीवादळ ताशी सुमारे २६५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह फ्लोरिडाच्या दक्षिण भागात, होमस्टेडजवळ धडकले आणि तिथली २५ हजारांहून अधिक घरे उद्ध्वस्त झाली. पाहणीत आढळले की अनेक घरांच्या छपरांवरील प्लायवुडचे खिळे आणि स्टेपल खालच्या वाशांत घुसलेच नव्हते. ते वाशाच्या बाजूने नुसतेच खाली गेले होते. एका घराचे छप्पर उडाले आणि शेजारचे टिकले की लोक त्याला दैव म्हणतात, पण असा प्रत्येक फरक आधी वाशांच्या जोडांत शोधायला हवा.

कोकणात ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० ते १२० किलोमीटर होता, अँड्र्यूच्या निम्म्याहूनही कमी. तरीही कौले आणि पत्रे मोठ्या प्रमाणावर उडाले. जुन्या पद्धतीच्या छपरात कौले बहुधा रिपांवर स्वतःच्या वजनानेच टेकलेली असतात. त्यांना खाली धरून ठेवणारे दुसरे काही नसते.

अँड्र्यूनंतर दक्षिण फ्लोरिडात वासे भिंतीला धातूच्या पट्ट्यांनी बांधण्याचे नियम कडक झाले आणि खिडक्यांची चाचणी सुरू झाली. तीत सुमारे चार किलोचा लाकडी वासा ताशी ५५ किलोमीटर वेगाने काचेवर मारतात. काच तडकली तरी चालते. तिला आरपार भोक मात्र पडता कामा नये. तडकलेल्या त्याच काचेवर मग आतून आणि बाहेरून आळीपाळीने शेकडो वेळा दाब देतात, कारण खऱ्या वादळात पहिल्या आघातानंतरही वारा कित्येक तास वाहतच असतो.