इंटरनेट जोडणी, संस्थांची आरंभीची (ग्रामीण विदर्भ)

विदर्भातील जिल्हा व तालुका पातळीवरील कार्यालये, शिक्षणसंस्था आणि कृषी उत्पन्न बाजार समित्या १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून साधारणपणे २००५ पर्यंत ज्या मार्गांनी संगणकांच्या जाळ्याशी जोडल्या गेल्या, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे.

आरंभ कोणता मानावा याविषयी एकमत नाही. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सेवा सर्वांसाठी खुली केली, तोच आरंभ असे सामान्यतः मानले जाते. पण ही सेवा प्रथम महानगरांपुरतीच होती. दुसऱ्या मतानुसार आरंभ निकनेटपासून धरावा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे हे उपग्रहाधारित जाळे १९८७-८८ च्या सुमारास जिल्ह्यांच्या मुख्य ठिकाणी पोहोचू लागले. त्यावर आरंभी टीसीपी/आयपी हा इंटरनेटचा संकेत वापरात नव्हता, हा आक्षेप रास्त आहे. तरीही तारेवर किंवा टपालावर न विसंबता माहिती दूर धाडण्याची सवय जिल्हा कार्यालयांना याच जाळ्याने लावली, म्हणून ग्रामीण विदर्भापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. या जाळ्याचे मुख्य भूकेंद्र (उपग्रहाशी संपर्क ठेवणारे जमिनीवरील केंद्र) दिल्लीत होते आणि रचना ताऱ्यासारखी, म्हणजे सर्व ठिकाणे फक्त मुख्य केंद्राशी जोडलेली, अशी होती. त्यामुळे गडचिरोलीहून शेजारच्या चंद्रपूरला निघालेला संदेशही सुमारे ३६,००० किमी उंचीवरील उपग्रहाकडे दोनदा जाऊन, मध्ये दिल्लीला स्पर्श करूनच पोहोचे.

शिक्षणक्षेत्रासाठी १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या संगणकजाळ्याच्या पहिल्या आठ सहभागी संस्थांत विदर्भातील एकही नव्हती. विद्यापीठांसाठीची यूजीसी-इन्फोनेट योजना २००२ मध्ये आली.

तालुक्याच्या गावी भिस्त दूरध्वनीवर होती. जवळ नोड (फोनवरून जाळ्यात शिरण्याचे केंद्र) नसेल तेथे एसटीडी करून शहरातील नोड गाठावा लागे, आणि वेळेगणिक देयक वाढत असल्याने पत्रे आधी लिहून ठेवून जोडणी लागताच एकदम पाठवणे परवडे. सेकंदाला ३३.६ किलोबिट वेगाच्या मोडेमला (संगणकाची माहिती फोनच्या तारेवरून धाडणाऱ्या यंत्राला) एक मेगाबाइट माहितीसाठी अनुकूल स्थितीतही चार मिनिटांहून अधिक वेळ लागे. पावसाळ्यात तारांचे जोड ओलावले किंवा भारनियमनाची वेळ झाली, की तेही काम अर्ध्यावर तुटे.

बाजार समित्यांची जोडणी प्रामुख्याने मार्च २००० मधील ॲगमार्कनेट या बाजारभाव जाळ्यावर देण्याच्या योजनेतून झाली. लिलाव आटोपल्यावर सोयाबीन, तूर, हरभरा यांची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर लिपिक नोंदवहीवरून संगणकात भरी. जेथे कार्यालयात एकच फोन असे, तेथे त्याची तार काढून मोडेमला लावावी लागे, आणि तेवढा वेळ समितीचा फोन बाहेरून एंगेज लागे. शेतमालाचा दर गावाबाहेर त्याच दिवशी कळणे, हे या साऱ्या खटाटोपाचे मोल होते.

जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमाची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली आणि एकाच तारेवर बोलणे व माहिती दोन्ही एका वेळी चालू लागले. तांब्याची तार लांबली की वेग घटत असल्याने टेलिफोन केंद्रापासून दूर असलेल्या संस्थांकडे मात्र मोडेम त्यानंतरही वापरात राहिला.