शिल्पोद्यान (मुंबई परिसर)

शिल्पोद्यान म्हणजे मोकळ्या आकाशाखाली, झाडांत किंवा माळावर शिल्पे मांडून ती चालत पाहता यावीत अशी केलेली जागा. शिल्पे एका आवारात न ठेवता रानातल्या पायवाटेच्या कडेने ठेवली, तर तिला शिल्पवाट म्हणता येते. ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यास युरोप-अमेरिकेत रुजली. लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये १९४८ साली उघड्यावर शिल्पप्रदर्शन भरले. न्यूयॉर्क राज्यातील स्टॉर्म किंग हे शिल्पोद्यान १९६० मध्ये आणि इंग्लंडमधील यॉर्कशर स्कल्प्चर पार्क १९७७ मध्ये सुरू झाले. इंग्लंडमधल्याच ग्राइझडेलच्या जंगलात तर शिल्पकार तिथेच राहून, तिथल्याच लाकूड-दगडात कामे करू लागले. ती पुढेमागे कुजणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवले होते.

मुंबईत शिल्पे बागेत आली ती कलेच्या हौसेने नव्हे, तर राज्य बदलले म्हणून. भायखळ्याची राणीची बाग (आताचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) आणि तिला लागून असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय यांच्या आवारात फोर्टातले पुतळे १९६५ च्या सुमारास आणून ठेवले गेले. राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा मॅथ्यू नोबल याने घडवलेला; १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी डांबर फासले तो हाच. लॉर्ड कॉर्नवॉलिसचा पुतळा पूर्वी आताच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी होता आणि लोक त्याला देव समजून फुले वाहत. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा जोसेफ बोहम याचा. तो १८७९ पासून ज्या चौकात होता, त्या चौकाला ‘काळा घोडा’ हे नाव चिकटले ते कायमचेच. घोडा हलला तरी पत्ता बदलला नाही. अखेर २०१७ मध्ये तिथे दुसरा घोडा बसवला, यावेळी स्वाराशिवाय.

याच आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले ते याच्यावरून. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना पडून फुटला. तुकडे बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडून पुन्हा उभे केले. अंगावरचे सांधे जवळून स्पष्ट दिसतात. बहुतेक लोक मात्र पेंग्विन पाहायच्या घाईत त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

खेड्यातले शिल्पोद्यान पाहायचे, तर समुद्र ओलांडून अलिबाग तालुक्यातील सासवण्याला जावे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) हे इथले. गावच्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यांनी त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकायला पाठवले. पुण्यातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला १९२८ चा अश्वारूढ शिवपुतळा करमरकरांचाच. त्याचे ओतकाम माझगावच्या गोदीत झाले. पण त्यांचा हात खरा ओळखू येतो तो सासवण्याच्या घरी. तिथे राजे-पुढारी आहेत, तशीच साधी माणसे आणि जनावरेही आहेत, आणि त्यातली बरीच कामे सिमेंटमध्ये आहेत. अंगणातली म्हैस नारळी-पोफळीच्या सावलीत इतकी खरी वाटते, की आधी तिची दावण शोधली जाते. सिमेंटला ब्राँझची ऐट नाही, पण खाऱ्या वाऱ्याला आणि कोकणच्या पावसाला ते बऱ्यापैकी तोंड देते. संगमरवराचे तसे नाही. उघड्यावर त्याची झिलई जाते आणि नाक-बोटांचे बारकावे बोथट होतात.

बोरिवली पश्चिमेच्या एकसर गावठाणातले वीरगळही (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड) या नोंदीत यायलाच हवेत, जरी ते कुणी उद्यान म्हणून मांडलेले नाहीत. शिलाहारकाळातील हे उंच दगड खालून वर वाचायचे असतात. खालच्या पट्ट्यांत लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा. एरवी वीरगळांवर घोडेस्वार आणि गुरे दिसतात. इथे वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबते समोरासमोर भिडली आहेत. आरमारी युद्धाचे असे चित्रण दुर्मीळ आहे, आणि ते लोकलच्या स्टेशनापासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

कान्हेरी आणि घारापुरी ही लेणी असल्याने काटेकोरपणे या प्रकारात बसत नाहीत. तरीही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीच्या शंभराहून अधिक गुंफांमधून, कोरीव पायऱ्या आणि पाण्याच्या पोढ्या (खडकात खोदलेली टाकी) ओलांडत वर चढताना जे घडते, ते शिल्पवाटेहून वेगळे नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या (स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाच्या) ओसरीत दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीचे बुद्ध उभे आहेत. ते सकाळच्या कोवळ्या उजेडात पाहावेत.

सासवण्यासाठी गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरून पुढे रिक्षा मिळते. पावसाळ्यात लाँच बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो बोट सोयीची. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. कान्हेरीला जायचे, तर उद्यानाच्या दारापासून लेण्यांपर्यंतचे काही किलोमीटर धरूनच निघावे, आणि श्रावणात दगड निसरडा असतो हे ध्यानात ठेवावे.