बालवाडीतील मानसिक आरोग्य : कोकण किनारपट्टी

अंगणवाडी, बालवाडी, पाळणाघर किंवा शिशुवर्ग अशा ठिकाणी येणाऱ्या, साधारणपणे तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांच्या भावनांची, इतरांशी जुळणाऱ्या त्यांच्या नात्यांची आणि धक्क्यातून सावरण्याच्या त्यांच्या क्षमतेची रोजच्या व्यवहारातून घेतली जाणारी काळजी. रोगनिदान आणि औषधोपचार यांच्याशी तिचा संबंध क्वचितच येतो. मूल दारात आल्यावर त्याच्याशी प्रथम कोण बोलते, ते रडू लागल्यास त्याला कोण जवळ घेते आणि कालचे माणूस आज त्याच जागी भेटते की नाही, अशा साध्या गोष्टींवर ती उभी असते. पालघर ते सिंधुदुर्ग या किनारपट्टीवर तिला एक खास पैलू आहे. येथील अनेक कुटुंबांत माणसांचे येणे-जाणे समुद्र, पाऊस, आंबा, वीटभट्टी आणि मुंबईची नोकरी यांच्या हंगामांनी ठरते, त्यामुळे लहान मुलाच्या वाट्याला येणारे विरहही बऱ्याच अंशी आधीच सांगता येण्यासारखे असतात. बालवाडीने वर्षाचे नियोजन करताना सणवारांइतकाच या विरहांचा विचार करावयास हवा. प्रत्यक्षात तो फारसा होत नाही.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात लहान मूल आणि त्याचा सांभाळ करणारी व्यक्ती यांच्यातील स्थिर, जिव्हाळ्याच्या नात्याला मानसिक आरोग्याचा पाया मानले. आईवरच सारा भार टाकणाऱ्या त्यांच्या मांडणीवर पुढे टीका झाली आणि मूल एकाच वेळी अनेक माणसांशी असे घट्ट नाते जोडू शकते, हे मान्य झाले. आजी, काकी, मोठी बहीण आणि शेजारची म्हातारी अशा चार-पाच जणींच्या कडेवर वाढणाऱ्या कोकणातील मुलाच्या बाबतीत ही दुरुस्ती विशेष महत्त्वाची ठरते. तीन-चार वर्षांच्या मुलाला स्वतःचा राग किंवा भीती एकट्याने आवरता येत नाही. शांत राहिलेल्या मोठ्या माणसाच्या सोबतीने ते आधी शांत होते आणि असे असंख्य वेळा घडल्यावर स्वतःला सावरायला शिकते. घरातील मोठ्या माणसांच्या जोडीला असे आणखी एक माणूस मिळवून देणे, हे बालवाडीचे पहिले काम होय.

या विचाराची भारतातील एक महत्त्वाची प्रयोगभूमी कोकणच्या उत्तर टोकाला आहे. गुजरातमधील बालशिक्षणाचे प्रवर्तक गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगर येथे काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी या किनाऱ्यावरच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) तेथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्त्यांमध्ये गेले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर मुलांना दोष न देता बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली, तर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी बिया, शिंपले, पाने, काड्या असे परिसरातले साहित्य आले. शिक्षणाच्या इतिहासात या प्रयोगाची नोंद स्वस्त आणि सुलभ बालशिक्षण म्हणून होते. मुलाला त्याच्या ओळखीच्या जागेतून आणि माणसांतून उपटून काढू नये, ही त्यामागची समज मात्र मानसिक आरोग्याचीच आहे आणि तिची दखल त्या मानाने कमी घेतली गेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाडी देशभर पोहोचली. या योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण एकत्र आले. वजन-उंचीच्या नोंदींना जेवढे स्थान मिळाले, तेवढे मुलाच्या मनःस्थितीला मिळाले नाही.

पहिल्या काही आठवड्यांचा रुळण्याचा काळ सर्वांत नाजूक असतो. कोकणात घरे वाड्यांमध्ये विखुरलेली असतात. बागायतीतल्या एकाकी घरात तीन-चार मोठ्या माणसांत वाढलेले मूल जूनच्या धो धो पावसात, पत्र्यावरच्या आवाजात, एकदम वीसेक अनोळखी मुलांमध्ये येऊन बसते, तेव्हा त्याचे रडणे हा हट्ट नसतो. मूल खेळात रमले की आईने मागच्या दाराने गुपचूप निघून जावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने त्या दिवसाचे रडणे टळते, पण दुसऱ्या दिवसापासून मूल खेळ सोडून दाराकडे लक्ष ठेवून बसते, कारण आपली नजर हलली की आई नाहीशी होते, एवढेच त्याला कळलेले असते. त्याऐवजी आईने सांगून, निरोप घेऊन जावे आणि परतण्याची वेळ मुलाला समजेल अशा खुणेने सांगावी. ‘साडेबाराला येते’ याला त्या वयात अर्थ नसतो. ‘तुमचा खाऊ खाऊन झाला, हात धुतले, की मी येते’ याला असतो, मात्र ते वचन पाळले गेले तरच. आईचा जुना रुमाल किंवा ओढणीचा तुकडा मुलाजवळ राहू देणे, सेविकेने खुर्चीवरून न बोलता मुलाच्या उंचीला बसणे आणि न बोलणाऱ्या मुलाला ‘नाव सांग, गाणे म्हण’ असा आग्रह न करता नुसते शेजारी बसू देणे, यांना खर्च काहीच लागत नाही. अंगणवाडीत पहिले नाते पुष्कळदा मदतनीस बाईंशीच जुळते, कारण खाऊ त्यांच्या हातून मिळतो.

वर्षभराचे विरह पुढीलप्रमाणे येतात. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी बंदी असते. खलाशाचे काम करणारा बाप या दोन महिन्यांत घरी असतो आणि हंगाम सुरू झाला की मुलाच्या दृष्टीने अचानक दिसेनासा होतो. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी येतात, बंद घरे उघडतात, मुंबईचा बाप, काका आणि चुलत भावंडे यांनी पडवी भरते. विसर्जनानंतरच्या आठवड्यात गाड्या परत गेल्या की तेच घर सुने होते. नेमक्या याच दिवसांत एखादे शांत मूल चावू लागते, झोपेत अंथरूण ओले करते किंवा पोट दुखते म्हणून बालवाडीला यायला नको म्हणते. सेविकेच्या लेखी तो ‘सुट्टीने बिघडलेला’ मुलगा असतो. ‘बाबा मुंबईला गेले, तुला त्यांची आठवण येते’ एवढे वाक्य शांतपणे म्हणणे, त्यांच्यासाठी चित्र काढून ठेवायला देणे आणि पुढची भेट कोणत्या सणाला हे सांगणे, याचा येथे शिस्तीपेक्षा अधिक उपयोग होतो.

रायगड व ठाणे जिल्ह्यांतील कातकरी कुटुंबांचे स्थलांतर याहून कठोर असते. दिवाळीनंतर ती वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. मुलाच्या हातून अंगणवाडी, सवंगडी आणि राहती जागा ही तिन्ही एकदम सुटतात. भट्टीजवळच्या अंगणवाडीने अशा मुलांना सामावून घेणे आणि परतल्यावर मूळ अंगणवाडीत त्यांचे नाव व बसण्याची जागा शाबूत असणे, या दोन्ही गोष्टी कागदावर मान्य असल्या तरी त्यांची अंमलबजावणी सेविकांच्या आस्थेवर अवलंबून राहते. उलट दिशेचे स्थलांतरही आहे. रत्नागिरी आणि देवगड परिसरातील हापूसच्या बागांत राखणीसाठी नेपाळी कुटुंबे हंगामभर राहतात. त्यांचे मूल अंगणवाडीत आले तर त्याला मराठी येत नाही आणि सेविकेला नेपाळी येत नाही. ते मंद आहे किंवा मुके आहे, असा शिक्का अशा वेळी फार लवकर बसतो. वास्तविक नवी भाषा कानावर पडू लागल्यावर काही काळ मूल नुसते ऐकत राहते आणि हे मौन स्वाभाविक मानले जाते. आपल्या भाषेत घरी ते मोकळेपणी बोलते का, हे पालकांना विचारले की बराच उलगडा होतो.

भाषेचा प्रश्न मराठी मुलांनाही चुकलेला नाही. मालवणी, संगमेश्वरी, आगरी, कातकरी, वारली अशा बोली बोलणारी मुले घरची भाषा घेऊन येतात. ‘असे नाही, नीट बोल’ ही दुरुस्ती वारंवार झाली की मूल बोलणेच थांबवते, आणि जे बोलले जात नाही त्या दुःखाचा सेविकेला पत्ता लागत नाही. भावनांचे शब्द मुलाच्या बोलीत आधी यावेत, प्रमाण भाषा नंतर येते. धाकाची भाषा हा याच प्रश्नाचा दुसरा भाग होय. घरी बागुलबुवा, पोलीस आणि सुई टोचणारा डॉक्टर यांच्या जोडीला ‘थांब, बाईंना सांगते’ ही धमकी असते. जिच्याजवळ मुलाने धीर मिळवायचा, तिलाच अशा रीतीने भयाच्या यादीत बसवले जाते. पालकसभेत सेविकेने स्वतःबद्दलची ही एक विनंती अवश्य करावी. मूल दचकत असेल, खात नसेल, तर दृष्ट काढणे, गाऱ्हाणे घालणे किंवा भगताकडे नेणे हे अनेक घरांत आधी होते. त्याची खिल्ली उडवल्यास घर दुरावते. त्यासोबत डॉक्टरांनाही दाखवा, असे सांगणारी सेविका मुलाला उपचारापर्यंत नेऊ शकते.

अलीकडच्या काळात आपत्तींनी या कामाची निकड वाढवली आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, मे २०२१ मध्ये तौक्ते किनारा घासून गेले, त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेले आणि महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली, तर जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. निसर्गच्या वेळी करोनामुळे अंगणवाड्याही बंद होत्या. अशा घटनेनंतर लहान मूल ‘पूर आला, पळा’ हा खेळ पुन्हा पुन्हा खेळते. मोठ्यांना ते असह्य होते, तरीही हा खेळ थांबवू नये, कारण न पेलणारा अनुभव मूल अशा रीतीने आपल्या आटोक्यात आणत असते. खेळ प्रत्येक वेळी त्याच भीतीवर संपत असेल, तर सेविकेने त्यात शिरून होडी, दोर किंवा उंचावरचे घर आणावे. त्याहून मोठे औषध म्हणजे दिनक्रम पूर्ववत होणे. जागा बदलली तरी तीच बाई, तेच गाणे आणि खाऊची तीच वेळ.

बहुतेक मुले एवढ्या आधाराने सावरतात. आत्मसात केलेले बोलणे किंवा कौशल्ये मूल गमावत असेल, नजरेला नजर देत नसेल, नावाने हाक मारल्यास प्रतिसाद देत नसेल, घरी बोलून बालवाडीत महिनोन् महिने गप्प राहत असेल किंवा स्वतःला इजा करून घेत असेल, तर तज्ज्ञांचा सल्ला आवश्यक ठरतो. २०१३ पासून राबविल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात, तिच्यात विकासातील विलंबही पाहिला जातो. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी दोन, ठाणे आणि रत्नागिरी येथील, कोकणात आहेत. तथापि त्या नावाशी जोडलेल्या लाजेमुळे लहान मुलाला तेथे नेण्यास पालक धजावत नाहीत. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ आणि संकटातील मुलांसाठीचा १०९८ हे दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहेत. लैंगिक अत्याचाराची शंका आल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार कळविणे बंधनकारक आहे, तेथे गावातील समेट चालत नाही. शिक्षण हक्क कायद्यातील शारीरिक शिक्षा व मानसिक छळावरील बंदी सहा ते चौदा वयोगटासाठी आहे, ही त्या कायद्याची उणीवच म्हटली पाहिजे.

शहराजवळच्या खासगी शिशुवर्गांत तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांकडून पानेच्या पाने लिहून घेतली जातात. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि २०२२ चा पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा यांनी खेळावर आधारित शिक्षणाचा आग्रह धरला आहे, मात्र पालकांना दाखवण्यासाठी वही भरलेली लागते.

सेविकेच्या स्वतःच्या मनःस्थितीचाही विचार करावा लागतो. सर्वेक्षणे, गृहभेटी, मोबाइलवरील पोषण ट्रॅकरच्या नोंदी आणि तुटपुंजे मानधन यांत ती अडकलेली असते. मानधनवाढ आणि अन्य मागण्यांसाठी राज्यातील सेविका व मदतनीस ४ डिसेंबर २०२३ पासून संपावर गेल्या होत्या. सेविका त्याच गावची रहिवासी असते, त्यामुळे मुलाच्या आईला गरोदरपणापासून ओळखते. बदलीवर येणाऱ्या कर्मचाऱ्याला हा लाभ मिळत नाही. त्याच कारणाने भावकीतले वाद, सामायिक विहिरीवरची भांडणे आणि कोणाच्या घरात दारू आहे हेही तिला ठाऊक असते, आणि कधी ती स्वतः त्या वादातली एक बाजू असते. मुलाने चित्रातून किंवा बोलण्यातून घरचे काही सांगितले तर ते खळ्यात किंवा पाणवठ्यावर चर्चेला जाऊ नये, पर्यवेक्षिकेशी बोलताना ते इतरांसमोर बोलू नये आणि लेखी नोंद असल्यास ती सर्वांच्या हाती पडणाऱ्या हजेरीपटात करू नये, याचे प्रशिक्षण सेविकांना स्वतंत्रपणे द्यावे लागते.