आजीला लिहायला-वाचायला शिकवायचंय? ‘उल्लास’मध्ये नाव असं नोंदवा

नात गृहपाठ करतेय आणि शेजारी बसलेल्या आजीला वहीवरचं तिचं नावही वाचता येत नाही, अशी घरं आपल्याकडे अजून आहेत. अशा मोठ्या माणसांसाठीच ‘उल्लास’, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. केंद्र सरकारने तो २०२२ ते २०२७ या काळासाठी आखला आहे. वय १५ किंवा त्याहून जास्त आणि लिहिता-वाचता येत नाही, एवढीच अट. सत्तरीतल्या आजीही चालतात. फी नाही.

नावनोंदणीसाठी जवळच्या जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटा. शिक्षक ‘उल्लास’ अ‍ॅपवर माहिती भरतात. आधार कार्ड आणि घरातल्या कुणाचा तरी मोबाइल नंबर जवळ ठेवा. शाळेचा दाखला लागत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण ‘मी शाळेतच गेले नाही, मग दाखला कुठला आणू?’ म्हणत किती तरी बायका घरीच बसतात.

शिकवायला स्वयंसेवक असतात, मानधन न घेता. आठवीत किंवा पुढे शिकणारी मुलंही स्वयंसेवक होऊ शकतात, म्हणजे घरातली नातसुद्धा. मला या योजनेतलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. आमच्या शेजारच्या आजी सुरुवातीला पेन्सिल लाटण्यासारखी मुठीत धरायच्या. नातीने स्वयंपाकघरातल्या डब्यांवर ‘गूळ’, ‘डाळ’, ‘तांदूळ’ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. चहाला गूळ काढताना आजी रोज तेवढा ‘ळ’ बोटाने गिरवायच्या. वर्गाची वेळ आपल्या सोयीने ठरवता येते, त्यामुळे शेतातली कामं आटोपून रात्री बसलं तरी चालतं.

शेवटी परीक्षा असते. महाराष्ट्रात पहिली १७ मार्च २०२४ रोजी झाली. पेपर १५० गुणांचा, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५० गुणांचं. प्रत्येक भागात ३३ टक्के मिळवावे लागतात. वेळ तीन तासांचा. परीक्षेला जाताना फोटो आणि ओळखपत्र न्या. आधार, मतदान कार्ड किंवा बँकेचं पासबुक, यातलं एक पुरतं.

उत्तीर्ण झालेल्यांना प्रमाणपत्र मिळतं. बाकीच्यांच्या निकालावर ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा असतो. तो आला तर आजींना त्याच दिवशी सांगा, की पुढच्या परीक्षेला पुन्हा बसता येतं.